घरगाडीची उंची

मागच्या फेब्रुवारीत चार दिवसांसाठी मी यवतमाळ जिल्ह्याचा राजा झालो होतो. या राज्यातली कोणती गावं पाहुण्यांना दिसावीत आणि कोणती दिसू नयेत, हे एका कागदावर ठरवायचा अधिकार माझ्या हाती आला होता. त्या अधिकाराचं मी काय केलं, ते सांगायला मला लाज वाटते. म्हणूनच जरा रंगवून सांगतो. लाज वाटली की मला रंगवता छान येतं.

माझ्या मुलीचे सासरे, म्हणजे माझे व्याही, पुण्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर लोक बागेत चकरा मारतात. यांनी एक लांबडी व्हॅन घेतली आणि तिच्या पोटात चार जणांची झोपायची सोय, ओटा, करंगळीएवढ्या धारेचा नळ आणि एवढासा फ्रिज बसवून घेतला. ते तिला मोटारहोम म्हणत. माझ्या बायकोनं फोटो पाहिला त्या क्षणापासून ती घरगाडी झाली. त्या गाडीतून दोघं आमच्याकडे येणार होते, आणि मग आम्ही चौघांनी जिल्हा पाहायचा.

"रस्ता देखणा हवा, साहेब," व्याही फोनवर म्हणाले. "गावं तुम्ही निवडा. आम्ही नुसतं स्टिअरिंग धरतो."

हे त्यांनी कुणाला सांगावं? मी पुसदच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, आणि उरलेल्या वेळात शहरातल्या निम्म्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करतो. माईक दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. मी शाळेतून चार रंगांचे स्केचपेन आणले, जेवणाच्या टेबलावर जिल्ह्याचा नकाशा पसरला आणि बायकोला म्हणालो, "आता कुणी मला हाक मारायची नाही."

आर्णी घेतली, कारण तिथल्या बाजारातून दुचाकी चालवणारा माणूस जगात कुठंही चालवू शकतो, हे पाहुण्यांना दाखवायचं होतं. यवतमाळ घ्यावंच लागतं, नाहीतर ते रागावतं. पांढरकवडा टिपेश्वरच्या जंगलासाठी. वाघ दिसला नाही तरी "काल इथंच होता" असं सांगणारा माणूस हमखास भेटतो. झरी जामणी मात्र मी मनापासून घेतली. फेब्रुवारीच्या शेवटी तिकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला असतो. शिवाय पुण्याच्या माणसाला "दुर्गम" हा शब्द फार आवडतो.

आणि दिग्रस गाळलं.

पुसदहून आर्णीला जायचा सरळ रस्ता दिग्रसवरून जातो. दिग्रस सोडलं की थोड्या वेळानं एक फाटा लागतो, आणि फाट्यापासून दीड किलोमीटर आत एक तांडा आहे. त्या तांड्यात माझी बहीण राहते. मी हिरव्या पेनानं पुसदहून महागावकडे रेघ ओढली आणि तिथून वर आर्णीला नेली. बराच फेरा पडत होता. हिरवी रेघ फार सुंदर दिसत होती.

बायकोनं येऊन नकाशा पाहिला.

"डबक्याले बकरी वळसा घालते ना," ती म्हणाली, "तसा तुमचा रस्ता दिग्रसले वळसा घालते."

"तिकडचा रस्ता खराब आहे."

"रस्ता खराब हाय का?" एवढंच विचारून ती आत गेली.

आता बहिणीबद्दल सांगायला हवं. आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा. आमच्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. माझे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि सहा महिन्यांनी परतायचे. मागे तांड्यात बाई आणि मी. ती बारा वर्षांची, मी पाचचा. तिनं शाळा सोडली, म्हणून मला शाळेत जाता आलं. हे इतकं साधं गणित आहे, आणि मी आयुष्यभर शेकडो भाषणं केली तरी एकाही भाषणात ते सांगितलेलं नाही.

आमच्यात आणखी एक रीत आहे. बऱ्याच दिवसांनी माणूस भेटलं की बायका गळ्यात पडून रडतात. मुळूमुळू नव्हे. मोठ्यानं, चालीत, एकेक ओळ रचत. मधल्या काळात काय काय झालं, कोण गेलं, कोण आलं, कुणी विचारपूस केली नाही, सगळं त्या रडण्यात गाऊन सांगतात. ओळ कधी अर्ध्यात तोडत नाहीत. रडणं संपलं की डोळे पुसून लगेच चहा ठेवतात.

मुलीच्या लग्नात पुण्याच्या हॉलमध्ये बाई आली. रात्रभराचा प्रवास करून, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी तुरीची डाळ. मला पाहिलं, गळ्यात पडली आणि तिनं सूर लावला. बाईचा आवाज असा आहे, की शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरची बकरी वळावी. कुणीतरी सनई बंद केली. हॉलचा मॅनेजर धावत आला.

"काका, कोणी गेलं का? डॉक्टरांना बोलावू?"

व्याह्यांकडचे शंभर लोक माना वळवून पाहत होते. मी बाईच्या कानात म्हणालो, "बस कर. इथं नको."

ती थांबली. ओळीच्या मध्यावर थांबली.

व्याह्यांनी हळूच विचारलं, "कोण आहेत या?"

"गावाकडच्या आहेत," मी म्हणालो. "नात्यातल्या."

बाई दोन हात अंतरावर उभी होती. तिला मराठी उत्तम समजतं.

तर आता घरगाडी येणार, हे मुलीनं आत्याला फोन करून सांगून टाकलं होतं, आणि बाईचा मला फोन आला. आम्ही दोघं गोरबोलीत बोलतो. इथं मी ते बोलणं आमच्या दुसऱ्या भाषेत, वऱ्हाडीत देतो.

"भीया," ती म्हणाली. आमच्यात भावाला भीया म्हणतात. "पोरीचे सासू-सासरे येऊन राह्यले म्हने?"

"हो. पण ते गाडी घेऊन येऊन राह्यले. लई नाजूक गाडी हाय, बाई. तुह्या रस्त्याले खड्डे. खालून घासन."

"बरं."

"अन् उंच हाय. तुह्या तांड्याच्या तोंडावर तो लिंब हाय ना, त्याची फांदी लागन."

"किती उंच?"

"दोन मानसं एकावर एक उभी केली तरी वर उरते."

"बरं."

"अन् आत गेली तं वळन कुठं? मागं घेता येत नाही एवढं धूड."

"बरं. अजून काही?"

"नाही. एवढंच."

"शनवारी ना?"

"शनवारी... पाहू."

फोन ठेवला तेव्हा मला हायसं वाटलं. बाई समजूतदार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. तिचे तीन "बरं" मी तीन वेळा मान्य केलेला नकार समजलो. पुढचे दोन आठवडे मी तिला फोन केला नाही, तिनंही केला नाही, आणि माझा नकाशा रंगत गेला.

शनिवारी सकाळी आम्ही पुसदहून निघालो. व्याही गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे विहीणबाई आणि माझी बायको. विहीणबाईंनी प्रवासासाठी नवी वही आणली होती आणि फ्रिजच्या दारावर माझा गावांचा कागद चिकटवला होता. बायकोच्या मांडीवर फुटाण्यांची पिशवी होती.

"हा फोन दिग्रसवरून जा म्हणतोय," व्याही म्हणाले. इंजिनिअरच ते. "सरळ दिसतंय की."

"फोनला इतिहास माहीत नसतो, साहेब," मी म्हणालो, आणि माझ्या हातात माईक नव्हता एवढंच. "आपण जातोय ती लदेणीची वाट आहे. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून नेणं. माझे पूर्वज शंभर-शंभर बैल घेऊन याच वाटेनं मीठ न्यायचे, धान्य न्यायचे. मुक्काम कुठं करायचा, ते बैल ठरवायचा. जिथं पाणी, जिथं चारा, जिथं सावली, तिथं पुढचा बैल आपोआप थांबायचा. त्याच्या गळ्यातली घंटा थांबली की अख्खा तांडा थांबायचा. ही आमची मोटारहोम, साहेब! तुमच्या आधी तीनशे वर्षं!"

पूर्वज माल वाहायचे, हे खरं. ते या वाटेनं जायचे की आणखी कुठून, हे मला बिलकूल माहीत नव्हतं. तो बैल तर मी महागावच्या अलीकडे जन्माला घातला.

विहीणबाई भराभर लिहीत होत्या. आरशात मला बायको दिसत होती. ती खिडकीबाहेर बघत एकेक फुटाणा तोंडात टाकत होती, आणि दर खोट्याला एक फुटाणा असा हिशेब जमत होता.

महागाव मागे पडलं. तेवढ्यात व्याही म्हणाले, "मग या वाटेवर आजही तांडे असतील?"

"असतील काय? आहेत!"

"मग एक दाखवा ना. तुमच्या लोकांमध्ये थोडं बसू तरी."

आता आली का पंचाईत? पण मी डगमगलो नाही. रस्त्याला लागूनच एक तांडा होता, सिमेंटचा रस्ता, रंगवलेली घरं, अंगणात तुळस. पाहुण्यांना दाखवायला अगदी नेटका. शिवाय तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. बंजाऱ्याच्या पोटी जन्मून, पन्नास वर्षं जगून, तांड्यात जाऊन परका राहता येईल असं मला वाटलं, ही माझी त्या दिवसातली सगळ्यात मोठी चूक.

कारण तांड्यात परका आला की आधी पाणी देतात, आणि ग्लास खाली ठेवायच्या आत तीन प्रश्न विचारतात. गोत कोणतं? तांडा कोणता? कुणाच्या घरचा? या तीन प्रश्नांच्या चाळणीतून कुणी सुटत नाही. पाच मिनिटांत तुम्ही तिथल्या कुणाचे तरी मामा, मेहुणे नाहीतर साडू निघता. पूर्वी लोक फिरते होते तेव्हा आपला माणूस ओळखायची ही एकच खूण होती. मी ती वर्गात मुलांना कौतुकानं शिकवतो.

ओट्यावर एक म्हातारेबुवा बसले होते. डोक्याला फेटा, हातात प्लास्टिकचा माशा मारायचा झारा. स्टीलच्या ग्लासात पाणी आलं. गोत विचारलं, मी सांगितलं.

"तांडा?"

"पुसद," मी म्हणालो.

"पुसद तं शहर हाय," बुवा म्हणाले. "तिथं मानसं राह्यते, तिथून येत नाही. तांडा सांग."

मी खाकरून, जमेल तितक्या पुसट आवाजात, जन्मगावच्या तांड्याचं नाव सांगितलं.

बुवांनी झारा थांबवला. "तिथली एक पोरगी दिग्रसच्या बाजूले देल्ली ना? मोठ्या आवाजाची?"

मी म्हणालो, "असेल."

"असन कायले? देल्लीच हाय." आणि आत तोंड करून, "सूनबाई! तुह्या माह्यारची सोयरीक आली पाह्य!"

ओल्या हातांनी त्यांची सून बाहेर आली. माझ्याकडे पाहून तिचे डोळे मोठे झाले.

"अवं, मास्तर ना तुमी? आमच्या काकीचे भाऊ?"

आता "नाही" म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं.

"मंग इकडं काहून फिरून राह्यले? काकी तं सकायपासून लिंबाखाली बसून हाय तुमच्यासाठी! पंधरा दिवस झाले, रस्त्यावर मुरूम टाकून राह्यली. ट्रॅक्टर लावलं, पोरायले कामाले लावलं. मले फोनवर म्हने, माह्या भावाची गाडी लई नाजूक हाय." आणि बोलता बोलताच तिनं ओला हात साडीला पुसून मोबाइल कानाला लावला. "काकी! मामा इकडं हायेत! आमच्या तांड्यात! हो, महागावच्या रस्त्यावर! मले काय माहीत काहून?"

व्याही माझ्याकडे वळले. "काकी कोण?"

मी रिकामा ग्लास पुन्हा तोंडाला लावला. मागून फुटाण्यांची पिशवी गुंडाळल्याचा आवाज झाला.

"यांची बहीण," बायको म्हणाली. "मोठी. सख्खी."

विहीणबाईंनी वही मिटली. व्याही म्हणाले, "मग आपण तिकडेच जाऊ." मी म्हणालो, "मुक्काम आर्णीला ठरलाय." पण ते मी रिकाम्या अंगणाला सांगितलं. व्याह्यांनी गाडी सुरू केलेली होती.

आर्णीपर्यंत आणि तिथून दिग्रसच्या रस्त्यानं फाट्यापर्यंत गाडीत कुणी इतिहास विचारला नाही. शेतांमधला कापूस शेवटच्या वेचणीला आला होता, बांधावर पळस लालभडक होता. रस्ता खरोखर देखणा होता. एरवी त्यावर मी तासभर बोललो असतो.

फाट्यावर गाडी वळली आणि मला वाटलं, आपण चुकीच्या फाट्यावर आलो. इथं लहानपणापासून ओळखीचे खड्डे होते. ते नव्हते. तांबडा मुरूम, पाणी मारून, धुम्मस करून सपाट बसवलेला. दीड किलोमीटर. व्याह्यांनी काच खाली केली आणि चाकांचा आवाज ऐकला.

"वा," ते म्हणाले. "हे काम कुणाचं?"

तांड्याच्या तोंडावर लिंब. त्याची रस्त्यावर आलेली मोठी फांदी बुंध्यापासून कापलेली, जखम अजून पांढरी. लिंबाच्या पुढे, जिथं तांड्यातली पोरं क्रिकेट खेळायची, तिथं मुरमाचा एक मोठा गोल केला होता आणि त्याच्या कडेनं चुन्यानं रंगवलेले दगड मांडले होते. गाडी वळायची जागा. मोजून केलेली.

गोलाच्या मधोमध बाई उभी होती. साठीची, एवढीशी, अंगावर निळी साडी. शेजारी खोडाला टेकवलेला एक लांब बांबू होता. दोन माणसं एकावर एक उभी केली तरी वर उरेल, एवढा.

मी उतरलो. ती आली, गळ्यात पडली आणि तिनं सूर लावला. पुण्यात जिथं थांबली होती त्याच ओळीपासून. मला ती ओळ आठवत होती. तिलाही आठवत होती.

तिनं काय म्हटलं ते आज मराठीत देतो. चाल मला देता येणार नाही.

*...तुझ्या लेकीच्या मांडवात मी माझी ओळ गिळली रे भीया, घरी येईतो ती माझ्या घशात होती. रस्ता खराब म्हणालास, मी रस्ता भरला. फांदी लागेल म्हणालास, मी फांदी तोडली. वळायला जागा नाही म्हणालास, पोरांचं खेळायचं अंगण मी तुझ्या गाडीला दिलं. तू महागाववरून गेलास रे भीया. पुसदपासून माझ्या दारापर्यंत आता काय खराब राहिलं? मीच राहिले का रे? मीच आडवी आले का तुझ्या गाडीला?*

असं बराच वेळ. प्रत्येक ओळ पूर्ण. भोवती तांडा जमला होता आणि तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही शब्द न् शब्द कळत होता. कळत नव्हतं ते फक्त माझ्या दोन पाहुण्यांना. विहीणबाई मोबाइलवर ते चित्रित करत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बाई थांबली. पदरानं डोळे पुसले.

"किती सुंदर," विहीणबाई म्हणाल्या. "काय म्हणाल्या हो त्या?"

संधी होती. मुद्दाम मांडून ठेवावी तशी संधी होती. अख्खा तांडा माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"म्हणाली," मी म्हणालो, "भाऊ आला, फार आनंद झाला. आईबापांची आठवण आली."

कुणीतरी मागे खोकलं. माझी बायको लिंबाच्या कापलेल्या जागेकडे पाहत राहिली. बाईनं माझ्याकडे पाहिलं, जेमतेम एक श्वास, आणि विहीणबाईंना म्हणाली, "हो बाई. तसंच म्हनलं मी. याले मस्त सांगता येते."

तिनं मला वाचवलं. त्या क्षणी ती मला सगळ्यांसमोर एक थोबाडीत मारती, तर मला कमी लागलं असतं.

मग विहीणबाईंना एकदम आठवलं. "तुम्ही लग्नाला आला होतात ना? त्या गावाकडच्या..." आणि त्या थांबल्या.

"माझी मोठी बहीण आहे," मी म्हणालो. हे चार शब्द पुण्याच्या हॉलमध्येही एवढेच लांब होते.

त्यानंतरचं सगळं छान झालं, म्हणजे इतरांचं. बाईनं भाकरी, हरभऱ्याची भाजी आणि पाहुण्यांसाठी तिखट न घातलेलं वेगळं वरण केलं होतं. घरातून वायर काढून गोलापर्यंत विजेचा बोर्ड आणला होता. ते तर मी कारणांत सांगितलंही नव्हतं, तिनं स्वतःच्या डोक्यानं केलं. जेवणं झाल्यावर ती घरगाडीत चढली, गादी दाबून पाहिली, नळ सोडून बंद केला, फ्रिजमध्ये डोकावली आणि व्याह्यांना म्हणाली, "आमचे आजे असेच हिंडत. नळ तेवढा नवता."

व्याही खळखळून हसले. सकाळपासून मी बैल, घंटा आणि तीनशे वर्षं खर्चून जे उभं केलं होतं, ते तिनं दोन वाक्यांत सांगून टाकलं, आणि त्यात एकही खोटं नव्हतं. फ्रिजच्या दारावरचा कागद तिनं पाहिला. तिला वाचता येत नाही. बोटानं वरून खाली रंगीत नावं मोजली.

रविवारी सकाळी निघताना तिनं तो बांबू घेतला, गाडीच्या शेजारी उभा केला आणि टपाच्या उंचीवर अंगठा धरला. अंगठ्याच्या वर चांगला हात-दीड हात बांबू शिल्लक होता.

"गाडी तं बुटकी निघाली, भीया," ती म्हणाली. "फांदी उगाच तोडली."

आम्ही निघालो. लिंब मागे गेला. गाडी मुरमावरून अशी चालली होती, की फ्रिजवरचा पेला हलत नव्हता.

"मी तो व्हिडिओ तीन वेळा पाहिला," मागून विहीणबाई म्हणाल्या. "त्या किती वेळ म्हणत होत्या, आणि तुम्ही सांगितलंत ते किती थोडं होतं. खरं काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. ओळीमागून ओळ. हात न हलवता, आवाज न बदलता, समोर मुरमाकडे बघत. मध्ये दोनदा अडकलो. मग त्यांनी न विचारता पुण्याचं सांगितलं, महागावचं सांगितलं आणि त्या बैलाचंही सांगून टाकलं. इतकी वाईट गोष्ट मी आयुष्यात कधी सांगितली नाही, म्हणजे सांगण्याच्या दृष्टीनं.

व्याह्यांनी गाडी थांबवली. "परत जायचंय?"

"एवढी गाडी इथं कुठं वळणार?" मी म्हणालो. शपथेवर सांगतो, ते मी ठरवून म्हटलं नाही. ते तोंडातून आपोआप आलं.

"वळवत नाही," व्याही म्हणाले. "मागे घेतो."

आणि त्यांनी आरशात पाहत ते धूड पाऊण किलोमीटर उलटं नेलं, एका रेषेत, लोण्यातून सुरी गेल्यासारखं. पुसदचे मास्तर पाठीकडून तांड्यात शिरले. पोरं ओरडत दोन्ही बाजूंनी धावत होती. बाई लिंबाखाली अजून तिथंच होती, बांबू हातात. तिनं गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मागं घेता येते का याले?"

"येते," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

मी उतरलो. गाडीत ठरवलेली तीन-चार चांगली वाक्यं होती, ती कुठं सांडली कुणास ठाऊक. "बाई, चल आमच्यासंगं," मी म्हणालो. "झरीपर्यंत. पळस पाहू. तीन दिवसांत आनून सोडतो. मागं जागा हाय."

"मी?" ती म्हणाली. तिनं बांबू स्वतःच्या डोक्याशेजारी उभा केला. "रस्ता खराब हाय, भीया. अन् मी लई उंच. फांदी लागन मले."

तांडा हसला. माझी बायको हसली. व्याही-विहीणबाईंना आता सगळं कळत होतं, तेही हसले, आणि बाई स्वतः पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार? माझी कारणं तिनं मुरूम आणि कुऱ्हाड घेऊन एकेक दूर केली होती. तिच्या कारणावर टाकायला माझ्याकडे काही नव्हतं.

"खरंच चल," मी म्हणालो.

"कापूस राह्यला वेचायचा. बाया सांगून ठेवल्या."

"मग पुढच्या खेपेला?"

तिनं माझ्या शर्टाच्या खांद्यावरचा मुरमाचा डाग झटकला, लहानपणी शाळेत सोडताना झटकायची तसा.

"पाहू," ती म्हणाली.

तो शब्द माझाच होता. तो वापरतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे मला तिच्याइतकंच माहीत होतं.

गाडीत चढल्यावर मी फ्रिजवरच्या कागदावर पुसद आणि आर्णी यांच्या मध्ये तिच्या तांड्याचं नाव लिहिलं. स्केचपेन घरी राहिले होते, विहीणबाईंच्या साध्या पेनानं लिहिलं. गाडीचं तोंड रस्त्याकडेच होतं, तरी बाईच्या मानाखातर व्याह्यांनी त्या चुन्याच्या दगडांमधून गाडी पूर्ण फिरवली. एकाच फेरीत वळली. मागेपुढे करावं लागलं नाही, आणि एकाही दगडाला चाक लागलं नाही.